नको तेवढी वाढलेली मोहरी

मी बोलतेय. ट्रे नंबर अकरा, तिसरी ओळ, पाचवा खण. हाच माझा पत्ता आणि हेच माझं नाव. मोहरीच्या कुळातली एक रानटी पोर मी. कुणाच्या फोडणीत न पडणारी, कुणाच्या फुलदाणीत न शोभणारी. या घटकेला एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत मुळं वर आणि शेंडा खाली अशी पडलेय. आतलं काही जिवंत राहू नये म्हणून थोड्या वेळात ही पिशवी वाफेच्या मशीनमध्ये जाईल. तेव्हा फार लांबण लावत नाही.

माझं बी म्हणजे धुळीचा कण. कुणी जवळ शिंकलं तर अख्खी पिढी उडून जावी. पेरण्याआधी आम्हाला ओल्या कागदात गुंडाळून तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवलं. हिवाळा येऊन गेला, आता उगवायला हरकत नाही, असं आम्हाला वाटावं म्हणून. जन्माची सुरुवातच फसवणुकीने. मग एका मुलीने ओल्या टूथपिकच्या टोकावर एकेक बी उचलून चाळीस खणांत चाळीसजणींना बसवलं. एका आईच्या बिया एका ट्रेमध्ये, अशी इथली शिस्त. म्हणजे आम्ही चाळीस सख्ख्या बहिणी.

खोलीला खिडकी नव्हती. दाराला रबराची पट्टी, छताला पांढऱ्या नळ्या, भिंतीत घोंघावणारा पंखा. सोळा तास लख्ख उजेड, आठ तास अंधार. ढग नाही, वारा नाही, पाखरू नाही. मी आयुष्यात एकही किडा बघितला नाही. माझ्या अवस्थेतल्या बाईने तक्रार तरी कुणाकडे करायची?

त्या मुलीला सगळी लॅब चिमटी म्हणायची. ती चिमटा केसांत खोचायची आणि तोच चिमटा टेबलांखाली, कपाटांत, दुसऱ्यांच्या खिशांत शोधत फिरायची. नाव ठेवलं कुंड्या धुणाऱ्या मावशींनी, आणि ते असं चिकटलं की प्रयोगशाळेच्या मुख्य सरांनाही खरं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागे. चिमटीच्या पीएचडीचं पाचवं वर्ष चालू होतं. ती पाणी घालताना आमच्याशी बोलायची. बहुतेक वेळा शिव्याच असायच्या, पण मायेच्या.

आमचं घराणं बुटक्यांचं. रोप उंच कसं होतं ते आधी सांगते, म्हणजे आमचं दुखणं कळेल. रोपाच्या प्रत्येक पेशीत एक पहारेकरी प्रथिन असतं. ते वाढीच्या जनुकांवर ठाण मांडून बसतं आणि त्यांना तोंड उघडू देत नाही. मग लांबी वाढवणारं संप्रेरक येतं. जिबरेलिन म्हणतात त्याला. ते आलं की पेशी पहारेकऱ्याला मोडीत काढते, दबलेली जनुकं बोलू लागतात, आणि दांडा सरसर वर चढतो. सगळ्या शहाण्यासुरत्या रोपांत हे असंच होतं. आमच्या घराण्यात मात्र पहारेकऱ्याच्या जनुकातला एक तुकडा कधीकाळी गळून पडला. नेमका तोच तुकडा, ज्यामुळे संप्रेरकाचा निरोप त्याला लागू पडायचा. तेव्हापासून आमचा पहारेकरी ढिम्म हलत नाही. जिबरेलिनची आंघोळ घाला, आम्ही आपल्या बोटभरच.

याच बुटकेपणावर सरांचं नाव झालं होतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी ठामपणे मांडलं की या पहारेकऱ्याच्या जनुकाला चालू-बंद करणारं कुणी नसतं. ते जन्मापासून मरेपर्यंत चालूच. उंची ठरते ती फक्त संप्रेरकामुळे. ते पुस्तकांत गेलं, परीक्षेत चार मार्कांना येऊ लागलं. व्हरांड्याच्या भिंतीवर त्याचा मोठा फोटो होता: एका ट्रेमध्ये ओळीने बसलेल्या बुटक्या. पाहुणे आले की सर त्याच्यासमोर उभे राहून चहा पीत.

आणि चोविसाव्या दिवशी मी वाढले.

मला कुणी विचारलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नाही. दांडा फुटला तो थेट शेजारणींच्या डोक्यावरून वर गेला. कारण साधं होतं. आमच्यात आणखी एक जनुक आहे, ज्याचं काम पहारेकऱ्याच्या जनुकाला चालू करणं. आमच्या आईकडे त्याची एक प्रत धड होती, एक मोडकी. चाळिसांतल्या दहाजणींच्या वाट्याला दोन्ही मोडक्या आल्या. पहारेकरी अढळ असेल हो, पण त्याला कामावर बोलावणारंच कुणी उरलं नाही, तर पहारा करणार कोण? आम्ही दहाजणी मोकळ्या सुटलो. तीस बहिणी खालीच राहिल्या, आणि त्यांतल्या वीसेक जणींच्या पोटात ती मोडकी प्रत गुपचूप होती. सरांच्या 'कुणी नसतं'ला माझी उंचीच उत्तर होती.

पण या लॅबमध्ये एक रीत होती. तिसाव्या दिवशी ट्रेचा फोटो निघायचा आणि त्याआधी 'ट्रे साफ' व्हायचा. सर स्वतःचा चिमटा घेऊन येत आणि जे रोप उंच दिसेल ते मुळासकट उपटत. "भेसळ," एवढंच म्हणत. साध्या मोहरीचं बी चुकून मिसळलं, असा त्याचा अर्थ. मग ज्याने पेरलं असेल त्याला विचारत, "हात धुता की नुसते ओले करता?" विद्यार्थ्यांच्या चार-पाच पिढ्या इथे हात घासघासून थकल्या. भेसळ काही थांबली नाही.

आमच्या तिसाव्या दिवशी सर व्याख्यानांसाठी दोन आठवडे बाहेर गेले होते. "तू साफ करून फोटो घे," असं त्यांनी चिमटीला सांगून ठेवलं होतं. तिने नऊ नंबरच्या ट्रेपासून सुरुवात केली. तिथल्या नऊजणी उपटल्या. दहा नंबरमध्ये एकही उंच नव्हती. मग आमचा ट्रे. पहिल्या ओळीतल्या दोघी गेल्या, दुसरीतल्या दोघी गेल्या, आणि माझी मान चिमट्यात आली. तिथेच तिचा हात थांबला.

"दहामध्ये एकही कशी नाही?" ती मला विचारत होती. "भेसळ असती तर शिंतोडे सगळीकडे उडाले असते. इथे दोन, तिथे चार. हे काय, एका ट्रेमध्ये शून्य आणि दुसऱ्यात थेट पाव हिस्सा?"

तिने माझी मान सोडली आणि कचऱ्याच्या टोपलीत हात घालून तेरा उपटलेल्या बहिणी परत वेचल्या. मावशी दारात उभ्या होत्या.

"अगं, टाकलेलं उकरतेस काय? काही हरवलं का?"

"मावशी, सर दरवेळी किती उपटतात हो?"

"मला काय मोजायला ठेवलंय? कधी काहीच नसतं, कधी पसाभर." मावशी कुंड्या रचत म्हणाल्या. "मधलं काही नसतं बघ. मी तर टोपली बघून सांगते, आज सरांचं डोकं फिरणार की नाही ते."

चिमटीने चिमटा खाली ठेवला. बावीस वर्षांत जे कुणाला दिसलं नाही, ते मावशींनी टोपली रिकामी करता करता बघितलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

पुढचे दोन आठवडे तिने जे केलं त्यासाठी मी तिला जन्मभर मानेन, जन्म कितीही उरला असला तरी. तिने कपाटातून जुन्या ट्रेंचे फोटो काढले. त्या फोटोंत बुटक्या तर होत्याच; ती मात्र काळे रिकामे खण मोजत बसली. सोळा वर्षांचे फोटो, एकशे बारा ट्रे. मग आमच्या पानांचे बारीक तुकडे घेऊन पहारेकऱ्याचं जनुक तपासलं. तुकडा गळालेलं जनुक आखूड असतं, म्हणून जेलच्या पातळ वडीत वीज सोडली की त्याची पट्टी पुढे पळते. साधी मोहरी असती तर पट्टी मागे राहिली असती. दोन्ही ट्रेंमधल्या आम्हा एकोणीसही उंच जणींची पट्टी पुढे पळाली. आम्ही बाहेरच्या नव्हतो. याच घरच्या होतो.

त्या दिवशी ती खोलीत येऊन दार लावून नाचली. खरंच नाचली. पाण्याची बाटली हातात घेऊन, मावशींचा रबरी बूट एका पायात आणि स्वतःची चप्पल दुसऱ्या पायात. मग आईला फोन लावला.

"आई, मला काहीतरी सापडलंय."

"डिग्री सापडली का?"

"त्याहून मोठं आहे."

"डिग्रीहून मोठं काही असेल तर ते डिग्रीनंतर शोध." आईचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "बाबांनी भिंतीवरचं घड्याळ काढलंय, तुझ्या फोटोसाठी जागा केलीय. चार महिने आम्ही वेळ बघायला स्वयंपाकघरात जातोय."

चिमटी हसली. 

तोवर मला फुलं येऊन गेली होती आणि शेंगा धरल्या होत्या, हिरव्या, सुईएवढ्या. बी पिकायला आणखी बारा दिवस हवे होते. पिकलेलं बी म्हणजे पुरावा. ते कुणीही, कुठेही पेरावं आणि माझं म्हणणं पुन्हा उभं राहावं. "बारा दिवस दम धर," ती मला म्हणाली. "मी सरांना सांगते. ऐकतील ते. शास्त्रज्ञ आहेत."

सर परत आले ते थेट आमच्या खोलीत.

"हे काय जंगल माजवलंयस?"

"सर, ही भेसळ नाही. जनुक तपासलं. आपल्याच घराण्यातली आहेत."

"जेल पुन्हा लाव."

"तीनदा लावलं. एकोणीसही जणींचं."

"मग पाणी दूषित असेल."

"तसं असतं तर नुसतं पाणी घातलेल्या नळीतही पट्टी आली असती, सर. नाही आली." तिने वही पुढे केली. "जुने फोटोही मोजलेत. एकशे बारा ट्रे. एकाहत्तरांत एकही खण रिकामा नाही. उरलेल्या एक्केचाळीसांत सहापासून चौदापर्यंत, सरासरी बरोबर दहा. पहारेकऱ्याच्या जनुकाला चालू करणारं दुसरं जनुक आहे. आपण ते दर वेळी उपटून टाकत आलोय."

'आपण' म्हणाली ती. सोळा वर्षांपूर्वी ती शाळेत होती.

सर स्टुलावर बसले. चष्मा काढला. मूर्ख माणूस असता तर त्याला समजायला आठवडा लागला असता. सरांना एका पानात कळलं. त्यांचं तोंड मी जवळून बघत होते. त्या क्षणी त्यांना आनंदही झाला होता, शपथेवर सांगते. क्षणभर तो एक तरुण माणूस होता ज्याला काहीतरी नवीन दिसलं होतं. मग त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"अजून कुणालाच नाही."

"बरं केलंस." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाळ, तुझा प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय. पहिला अध्याय कशावर उभा आहे?"

"तुमच्या शोधावर."

"तो काढला तर मागचे चार अध्याय कुठे टेकवशील? आणखी तीन वर्षं. तुझी मुदत संपलीय. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. पुन्हा नवीन गाईड, नवीन नोंदणी... घरी काय सांगशील?"

"पण सर, खरं काय ते तर..."

"खरं कुठे पळून जातंय? डिग्री घे. स्वतःची लॅब काढ. मग मला खुशाल खोटं ठरव. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हे बघ, नऊ आणि अकराचं बी पुढे नेऊ नकोस. स्वच्छ ट्रेंचंच ठेव. म्हणजे पुढे कुणाला त्रास नको."

ते ओरडत तेव्हा मला त्यांचा राग कधी आला नव्हता. तो आला हे असं गोड बोलल्यावर. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. खांद्यावर हात ठेवणाऱ्याचं काय करायचं? मोठ्या माणसांना हे बरोबर ठाऊक असतं. पोरांची वाढ दरडावून थांबत नाही, म्हणून ते काळजी करतात.

आणि 'खरं कुठे पळून जातंय' म्हणे! नऊ आणि अकरा नंबरचं बी टाकून दिलं, फक्त स्वच्छ ट्रेंचं ठेवलं, की ती मोडकी प्रत या घराण्यातून कायमची गेली. उद्या ती स्वतःची लॅब काढेल तेव्हा पेरणार काय? हे सरांना कळत होतं. चिमटीलाही कळत होतं.

पाच दिवस ती येत राहिली. पाणी घालायची, शेंगा मोजायची, पण माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. शिवीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी स्टुलावर बसून लॅपटॉपवर कुणाला तरी लांबलचक पत्र लिहिलं, वाचलं, आणि पुसलं. चौथ्या दिवशी परीक्षकांच्या नावांचा कागद आला, सरांच्या सहीसकट. पाचव्या दिवशी घरून फोन आला. तिने तो बाहेर जाऊन घेतला. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता.

सहाव्या दिवशी सकाळी ती आली, केसांतला चिमटा पहिल्या झटक्यात काढला, आणि माझ्यापाशी आली.

मी तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, खणाकडे बघत होती. चिमटा बुडाशी लागला. उपटताना आधी बारीक मुळं तुटतात, तो आवाज माणसांना येत नाही. मग मुख्य मूळ सुटतं आणि मातीचा गोळा लोंबत वर येतो. तिने तो हलक्या हाताने झाडून खणात परत टाकला. हात सफाईदार होता. आम्ही सहाजणी होतो, एका मिनिटाचंही काम नव्हतं. शेंगा अजून हिरव्याच होत्या. सहा दिवस कमी पडले.

मग तिने फोटो घेतला. बुटक्या तीस, काळे खण दहा.

मावशी पिशवी घेऊन आल्या. आत बघून त्यांनी विचारलं, "शेंगा धरल्यात की गं. यातलं काही ठेवायचं का?"

"नाही. फोटो झालाय, सगळा ट्रेच घ्या. नऊ नंबरचाही."

"बुटक्यासुद्धा?"

"हो."

मावशींनी तिच्याकडे एकदा बघितलं. "पहिल्या वर्षी एक रोप उपटताना तीन मोडायचीस. आता छान हात बसलाय तुझा."

 चिमटी टेबलाशी बसली आणि वही उघडली.

इथे एक नियम आहे. लॅबच्या वहीतलं पान फाडायचं नाही, पानांवर नंबर छापलेले असतात. लिहिलेलं खोडायचं असेल तर एकच सरळ रेघ मारायची, शाईने, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. कडेला तारीख आणि सही. तिने पान एकशे त्रेचाळीस काढलं. तिथे आमच्या जेलचा फोटो चिकटवलेला आहे, एकोणीस पट्ट्यांचा, आणि खाली एकशे बारा ट्रेंची मोजणी. तिने फूटपट्टी ठेवली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली, आणि कडेला लिहिलं: 'भेसळ.' सही करताना पेन अडकलं. तिने ते झटकलं आणि सही पूर्ण केली, खऱ्या नावाने.

मग पिशवीचं तोंड बांधलं गेलं. आता मला फक्त ऐकू येतं. मशीनमध्ये पाणी ओतलं जातंय. माझ्यावर माझ्या बुटक्या बहिणी पडल्यात, आणि त्यांना अजून कळलेलं नाही की त्यांनी काय केलं म्हणून त्या इथे आल्या.

चिमटे, तुझ्यावर मी रागावलेय. सरांवर नाही तेवढी तुझ्यावर. त्यांना बावीस वर्षं काही दिसलं नव्हतं. तुला दिसलं होतं. डिग्री घे, भिंतीवर लाव, घड्याळाच्या जागी तू शोभून दिसशील. मला आता बी नको, खण नको, पाणी नको. झाकण लागतंय.

आणि तुम्ही, जे कुणी हे ऐकताय, कधी ती वही तुमच्या हाती आली तर पान एकशे त्रेचाळीस उघडा. रेघ एकच आहे आणि बारीक आहे. तिच्याखालचं सगळं नीट वाचता येतं. वाचा, आणि शेजारी कुणी बसलं असेल तर त्यालाही मोठ्याने वाचून दाखवा.